स्वस्त फिल्मची कहाणी

घरांतील जुन्या पेटीच्या तळाशीं जें पिवळट पडलेलें काळें-पांढरें चित्र सांपडतें, त्यांतील माणसांची ओळख पटविण्यांतच पाहणाराचा सारा वेळ जातो. तें चित्र ज्या पातळ पट्टीवर प्रथम उमटलें, तिला त्या वेळीं किती पैसे पडले असतील, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु कोणाची आई चित्ररूपानें मागें राहिली आणि कोणाची राहिली नाहीं, याचा निकाल पुष्कळ वेळां त्या पट्टीच्या किंमतीनेंच लावलेला आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्यें पॅरिस येथें जाहीर झाली, त्या वेळीं डागेरचें चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटत असे आणि त्याची दुसरी प्रत निघत नसे. पुढें १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें काचेवर ओला लेप देण्याची रीत काढली. चित्र सुरेख येई. पण लेप ओला आहे तोंवरच चित्र घेऊन तें धुऊन काढणें भाग असल्यामुळें फोटोग्राफरास काचा, रसायनें आणि अंधारा तंबू असा संसार बरोबर बाळगावा लागे. मुंबईस १८५४ मध्यें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकीं होते. पण हा छंद सुखवस्तु आणि सवड असलेल्या मंडळींचाच राहिला, यांत नवल नाहीं. १८७१ मध्यें डॉ. मॅडॉक्स या इंग्रज वैद्यानें जिलेटिनचा कोरडा लेप शोधून काढला, तेव्हां कोठें काचा कारखान्यांत तयार होऊन दुकानांत विकत मिळूं लागल्या.

खरी स्वस्ताई आणली ती अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवच्या एका बँकेंतील कारकुनानें. जॉर्ज ईस्टमन यानें १८८८ मध्यें ‘कोडॅक’ कॅमेरा विक्रीस काढला. त्यांत शंभर चित्रांची पट्टी भरलेली असे. ती संपली कीं कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. किंमत मात्र पंचवीस डॉलर, म्हणजे सामान्य माणसास न पेलणारी. बारा वर्षांनीं, १९०० मध्यें, ‘ब्राउनी’ नांवाची पुठ्ठ्याची पेटी आली ती एका डॉलरला, आणि सहा चित्रांची फिल्म पंधरा सेंटला. कॅमेरा एकदांच विकला जातो, फिल्म मात्र जन्मभर विकतां येते, हें व्यापाराचें मर्म त्या गृहस्थानें ओळखलें होतें. त्याच्या यशाला एक गालबोटहि आहे. लवचिक, पारदर्शक फिल्मचा हक्क हॅनिबल गुडविन नांवाच्या एका पाद्र्यानें १८८७ मध्येंच मागितला होता. तो त्यास मिळाला १८९८ मध्यें, आणि दोन वर्षांत तो वारला. त्या हक्कावरून चाललेला तंटा मिटविण्यासाठीं १९१४ मध्यें कोडॅक कंपनीस पन्नास लक्ष डॉलर मोजावे लागले.

फिल्म महाग कां, याचें उत्तर तिच्या घडणींतच आहे. जिलेटिनमध्यें कालविलेले चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण पट्टीवर पसरलेले असतात. ज्या ठिकाणीं उजेड पडतो तेथें धुतल्यावर काळी चांदी उरते. सराफबाजाराचा हा संबंध फिल्मच्या पाठीमागून कधींच सुटला नाहीं. १९८० च्या आरंभीं अमेरिकेंत सट्ट्यामुळें चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरांत गेला, तेव्हां जगभर फिल्म महागली.

पूर्वीं स्वस्त पडे ती ‘ऑर्थो’ जातीची फिल्म. तिला निळा आणि हिरवा रंग दिसे, तांबडा दिसत नसे. तिचा एक फायदा असा कीं ती तांबड्या दिव्याच्या उजेडांत, डोळ्यांनीं पाहत, घरच्या मोरींत धुतां येई. तोटा असा कीं जें जें तांबडें तें तें काळें पडे. जुन्या चित्रांतील सुवासिनींच्या कपाळावरील कुंकू शाईच्या ठिपक्यासारखें दिसतें, त्याचें एक कारण हें आहे. सर्व रंग जाणणारी ‘पॅनक्रोमॅटिक’ फिल्म पुढें रूढ झाली. परंतु ती पूर्ण काळोखांतच हाताळावी लागते, आणि आरंभीं तिला दामहि अधिक पडत.

फिल्मचा पैसा कसा पुरवून खर्चावा, याचा वस्तुपाठ दादासाहेब फाळके यांनीं घालून दिला. भांडवल देणाराची खात्री पटावी म्हणून त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडथोड्या वेळानें एकेक चित्र घेऊन दाखविली. थोडक्या फिल्ममध्यें बीजाचा वेल झाला आणि पैसा उभा राहिला! पुढें विलायतेहून आणलेल्या यंत्रावर कोऱ्या फिल्मच्या कडेला भोंकें पाडण्याचें काम सरस्वतीबाई फाळके यांनीं घरीं अंधारांत बसून केलें, आणि १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या माउलीच्या हाताखालून गेलेल्या हजारों फूट फिल्मचा उल्लेख चित्रपटाच्या इतिहासांत पुरेसा होत नाहीं, हें येथें नमूद केलेलें बरें.

सिनेमाच्या त्याच फिल्मनें साध्या छायाचित्रणासहि मोठा हात दिला. १९२५ मध्यें जर्मनींत लायका कॅमेरा निघाला, तो ३५ मिलिमीटर रुंदीची सिनेमाची पट्टीच वापरणारा. चित्र लहान, म्हणून चांदी थोडी, म्हणून खर्च थोडा. चित्रपटांच्या रिळांचे उरलेसुरले तुकडे विकत घेऊन कॅमेऱ्यांत भरण्याची काटकसर तेव्हांपासून चालत आली.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे वेगळीच अडचण उभी राहिली. परकीय चलनाची टंचाई झाली आणि परवान्यावांचून फिल्म आणणें कठीण झालें. तेव्हां सरकारनें १९६० मध्यें हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापिली आणि एका फ्रेंच कंपनीच्या साहाय्यानें नीलगिरीवर उटकमंड येथें कारखाना उभारला. स्थळाची निवड सहेतुक होती. फिल्मचे मोठे शत्रु दोन, धूळ आणि उष्णता. तेथील थंड आणि निर्मळ हवेंत या दोहोंचाहि उपद्रव कमी. १९६७ मध्यें माल बाहेर पडूं लागला. त्यास ‘इंदु’ हें नांव दिलें होतें. इंदु म्हणजे चंद्र, आणि चांदीच्या वस्तूस याहून शोभेसें नांव मिळतें ना. त्याच सुमारास बडोद्यास तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा मध्यम स्थितींतील घरांतून पोंचला होता. त्यांत एका रोलवर बाराच चौकोनी चित्रें बसत. म्हणून मुंज, बारसें, सहल यांची वांटणी आधीं मनांत करून मगच कळ दाबली जाई. पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ फिल्महि रुपयांतील व्यापारामुळें येथें मिळत असे.

इंदूस नांवें ठेवणारे त्या काळींहि होते. परदेशी मालाची सफाई तिला नसेल. पण परदेशी माल दुकानांत नसतांना किंवा हाताबाहेरच्या भावानें मिळत असतांना ती होती, ही गोष्ट टीकाकार सोयीनें विसरत. पुढें रंगीत फिल्म सर्वत्र झाली, आयात मोकळी झाली, कर्जाचा डोंगर वाढला आणि १९९० नंतरच्या दशकांत तो कारखाना आजारी उद्योगांत जमा झाला. डिजिटल कॅमेऱ्यानें उरलेली आशा संपविली. यंत्रें थांबलीं आणि कामगार पांगले. खुद्द कोडॅक कंपनीवरहि २०१२ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली, तेथें उटकमंडाची काय कथा!

असें असूनहि काळी-पांढरी फिल्म नामशेष झाली नाहीं. चेकोस्लोव्हाकियांत ह्राडेट्स क्रालोव्हे येथें १९२१ मध्यें निघालेला ‘फोमा’ कारखाना आजहि ती बनवितो, आणि इंग्लंडांतील हार्मन कंपनी ‘केंटमियर’ या नांवानें आपल्याच उंची ‘इल्फर्ड’ फिल्मपेक्षां हलक्या दराची फिल्म विकते. स्वस्तांतील उणीव ठाऊक असली म्हणजे ती बाधत नाहीं. दिव्याभोंवतीं किंवा चकाकणाऱ्या वस्तूभोंवतीं या फिल्मवर थोडें तेजोवलय पसरतें, आणि फोमाची चारशे वेगाची फिल्म चारशेंच्या मानानें उजेड दिल्यास सांवलींतील तपशील गमावते. तिला थोडा अधिक उजेड द्यावा, एवढेंच. आपल्या इकडच्या लखलखीत उन्हांत तर शंभर वेगाची फिल्म पुरून उरते. तिच्यासाठीं भिंग सोळा आंकड्यावर ठेवून सेकंदाच्या सव्वाशाव्या भागाइतकी झडप उघडली तरी चित्र येतें, आणि उजेड मोजण्याचें निराळें यंत्र घ्यावें लागत नाहीं.

सुटे रोल घेण्याऐवजीं शंभर फुटांचें, म्हणजे साडेतीस मीटरचें, अखंड रीळ घेऊन अंधारांत घरींच डब्या भरल्या तर छत्तीस चित्रांचे सुमारें अठरा रोल होतात. रिकाम्या डब्या टाकून न देतां त्याच पुन्हां भराव्या. मात्र त्यांच्या तोंडाशीं असलेल्या मखमलींत धुळीचा कण अडकलेला नाहीं, हें प्रत्येक वेळीं पाहावें. नाहीं तर छत्तीसच्या छत्तीस चित्रांवर एकच ओरखडा लांबच्या लांब उमटतो.