हँडल वाकलं? नवीन घेताना एवढं बघा

वागळे इस्टेट (ठाणे) : गाडी पडली की आधी हँडल वाकतं. मुरबाड-शहापूरकडून इकडे ड्युटीला मोटरसायकलने येणारे बरेच जण ते तापवून, ठोकून सरळ करून घेतात. पैसे वाचतात, पण असा पाईप कमजोर होतो. खड्ड्यात किंवा जोरात ब्रेक मारताना तुटला तर गाडी हातात राहत नाही. त्यामुळे बदललेलंच बरं.

दुकानात जुनं हँडल सोबत न्या. बहुतेक साध्या गाड्यांचा पाईप २२ मिमी जाडीचा असतो. २८.६ मिमीचं जाड हँडल जुन्या क्लॅम्पमध्ये बसत नाही. रुंदी, उंची, मागचा वाक आणि स्विचच्या खुंटीची भोकं जुळवून घ्या.

हँडल उंच किंवा रुंद घेतलं तर क्लच-रेसची वायर आणि डिस्क ब्रेकचा पाईप तोकडा पडू शकतो. बसवल्यावर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस आपोआप वाढली तर वायर ताणतेय असं समजा. बोटं टाकीला घासतात का तेही बघा. चार दिवसांनी क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा तपासा.

कायद्याचंही लक्षात ठेवा. कंपनीच्या मूळ रचनेत नियमबाह्य बदल केल्यास मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून शोभेपेक्षा मूळ मापाचंच हँडल घ्या.