मोहाची दारू

मोहाची दारू : मोहाच्या वाळविलेल्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने काढलेले मद्य. चैत्राच्या सुमारास गळणाऱ्या या फुलांत शर्करा पुष्कळ असते. ती पाण्यात आंबवून, मडक्यात तापवून व वाफ थंड करून हे मद्य घरोघरी काढले जाई. कोकणातील कातकरी, ठाकूर इ. जमातींच्या सणांत व लग्नकार्यांत त्याला मानाचे स्थान होते.

खांदा कॉलनी ज्या पनवेल तालुक्यात वसली, तो १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता व पुढे कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यात आला. १८७८ च्या मुंबई आबकारी अधिनियमाने मद्याचे उत्पादन व विक्री परवान्याखाली आणली. जवळच्या उरण येथील मोठ्या भट्ट्यांतून मुंबई शहराला दारू जाई व सरकारला महसूल मिळे. घरची भट्टी मात्र गुन्हा ठरली. ती रानात सहज लपविता येत असल्याने सरकारने कच्च्या मालावरच नियंत्रण आणले. १८९२ च्या अधिनियमान्वये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध घालण्यात आले. ही फुले टंचाईत अन्न म्हणूनही खाल्ली जात. त्यामुळे मद्यावरील कायद्याची झळ गरिबांच्या चुलीपर्यंत पोहोचली.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने महसुलाऐवजी मद्यनिषेध हे धोरण स्वीकारले. हेतू बदलला, तथापि घरी दारू गाळणारा दोन्ही राजवटींत गुन्हेगारच राहिला.