लातूरला पाणी नाही. मग मुंबईला आहे?

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यातून रात्री पुण्याची ट्रॅव्हल्स सुटते. खिडकीखाली उभी आई मुलाकडे ज्वारीच्या पिठाची पिशवी वर सरकवते, शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याचे झाकण पुन्हा एकदा दाबून बघते, आणि गाडी हलते. हे गाव सोडून जाणे असेच चालावे, असे सांगणारा एक विद्वानांचा पक्ष आहे. त्याची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो.

हा पक्ष म्हणतो : माणसे संधीमागे जातात, त्यांना वळवू नये. मोठ्या शहरात मालकाला हवा तो कामगार मिळतो, कामगाराला दुसरा मालक मिळतो. ही बरकत लातूर-नांदेडात सरकारी पैशाने उगवत नाही. 1964 पासून मागास भागांतल्या कारखान्यांना सवलती दिल्या, हाती काय लागले? आणि शेवटी रामबाण : मराठवाड्यात पाणीच नाही. 2016 साली ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे आणखी माणसे कशाला?

गर्दीला बरकत असते, हे मला मान्य आहे. पण मुंबईची गर्दी काय आपोआप वाढली? 1970 मध्ये राज्याने सिडको स्थापन केली, हजारो एकर जमीन संपादित केली आणि नवे शहर वसवले. कुठे? खाडीपलीकडे. डाव्या खांद्यावरचे ओझे उजव्यावर घेतले आणि त्याला विकेंद्रीकरण म्हटले! माणसे वळवावीत की नाही, हा वाद तेव्हाच निकालात निघाला. उरला तो एवढाच : कुठे वळवावीत?

राहिल्या सवलती. त्या कारखान्याला मिळाल्या. माणूस गावात टिकतो तो दवाखान्यामुळे, बायकोला मिळणाऱ्या नोकरीमुळे, मुलांच्या कॉलेजमुळे. त्यांचा विचार त्या सवलतींत कुठे होता? निलंग्याला आजही रेल्वे नाही. उलट जिथे एक गोष्ट नीट उभी राहिली, तिथे काय घडले ते पाहा. ‘लातूर पॅटर्न’ या अभ्यासपद्धतीसाठी परजिल्ह्यांतली मुले अकरावी-बारावीला लातुरात येतात. त्यांच्यामागे गल्लोगल्ली खोल्या, मेस, अभ्यासिका उभ्या राहिल्या. लहान शहरात संधी उगवत नाही म्हणणाऱ्यांनी त्या गल्ल्यांतून एकदा संध्याकाळी फिरून यावे. बारावी झाली की मात्र तीच मुले पुण्याची गाडी धरतात, कारण पुढची पायरी आपण बांधलीच नाही.

‘तुमच्याच लातूर-नांदेड या दोन जिल्ह्यांनी चार मुख्यमंत्री दिले, मग तक्रार कोणाकडे?’ असा टोलाही बसतो. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. टोला खरा आहे, आणि आम्ही तो निमूट सोसतो. पण त्याने राज्यकर्त्यांचा हिशेब चुकल्याचे सिद्ध होते, आमच्या गावांची कुवत नसल्याचे नव्हे.

आता पाणी. एप्रिल 2016 मध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून दहा वाघिणींची पहिली गाडी लातूरला आली, तेव्हा देशभर तिची छायाचित्रे छापली गेली. मुंबई कोणाचे पाणी पिते? तानसा, भातसा, वैतरणा. 1892 मध्ये तानसा धरण पुरे झाले, तेव्हापासून हे शहर शंभरेक किलोमीटरवरून पाणी ओढत आले आहे. ज्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. लांबून आणलेले पाणी वाघिणीतून आले तर तो दुष्काळ, आणि जलवाहिनीतून आले तर ती प्रगती? हा न्याय कोणता?

बरे, लातूरच्या मांजरा खोऱ्यात पाणी नाही म्हणजे किती नाही? माणशी रोज 135 लिटर हे शहरासाठीचे सरकारी प्रमाण. पाच लाख वस्तीला वर्षाला साधारण 2,460 कोटी लिटर लागतात, म्हणजे सुमारे 25 दशलक्ष घनमीटर. धनेगावच्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा 177 च्या आसपास. धरण भरले, तर पाच लाखांचे शहर त्याचा सातवा हिस्सा पिते. एक हेक्टर उसाला ठोकळमानाने दोन कोटी लिटर पाणी लागते. त्या मापाने अख्खे शहर वर्षभर पिते तेवढे पाणी सव्वाबाराशे हेक्टर उसात जिरते. धरण दरवर्षी भरत नाही, हे खरेच. पण रिकाम्या वर्षासाठी राखून काय ठेवायचे, हा निर्णय ढगांचा नसतो. ऊस आम्हीच लावला, कारखान्यांचा अभिमानही आम्हीच मिरवला. तो दोष पदरात घेतो. मात्र तहान उसाची आणि हद्दपारी माणसांची, हा निकाल मला मान्य नाही.

आणि निलंग्याहून निघालेला तो मुलगा पहाटे पुण्यात उतरून वाघोलीच्या खोलीवर पोहोचतो. पिशवी ठेवतो, नळ सोडतो. नळ कोरडा. सोसायटीचा टँकर अजून यायचा असतो.