एसीई-२ रिसेप्टर : प्रयोगशाळेतलं प्रथिन आणि त्याची ‘शेपटी’

कोरोनाचा विषाणू मानवी पेशीत शिरतो, तो एसीई-२ या रिसेप्टरला चिकटून. याची ओळख २००० साली पटली आणि सार्सचा विषाणूही हेच दार वापरतो, हे २००३ मध्ये उघड झालं. एरवी त्याचं काम रक्तदाबाशी निगडित आहे: अँजिओटेन्सिन-२ चे तुकडे करून त्याचा जोर कमी करणं.

कसं तयार होतं?
मूळ प्रथिन ८०५ अमिनो आम्लांचं. त्याचा एक भाग पेशीच्या आवरणात रुतलेला असतो. संशोधनासाठी बहुधा बाहेरचा, साधारण १८ ते ७४० क्रमांकांचा भागच घेतात. त्याचा जनुक एचईके-२९३ या मानवी पेशींत घालतात आणि पेशी ते प्रथिन बाहेरच्या द्रवात सोडतात. जिवाणूंत हे काम स्वस्तात होतं, पण मानवी पेशी प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढवतात, तशा जिवाणू चढवत नाहीत. या साखळ्यांमुळेच हिशेबाने सुमारे ८५ किलोडाल्टन भरणारं हे प्रथिन जेलवर १०० च्या पुढे दिसतं.

शेपटी कशाला?
द्रवात इतरही ढीगभर प्रथिनं असतात. त्यातून आपलं नेमकं कसं काढायचं? म्हणून टोकाला सहा किंवा जास्त हिस्टिडिन जोडतात. हा ‘हिस-टॅग’ निकेलला धरून बसतो, बाकीचं धुऊन जातं. मग इमिडॅझोल ओतलं की ते हिस्टिडिनची जागा घेतं आणि शुद्ध प्रथिन सुटतं. इथे ईडीटीए मात्र चालत नाही. ते निकेल ओढून घेतंच, शिवाय एसीई-२ ला कामासाठी लागणारं जस्तही काढून घेतं.

फसगत कुठे होते?
हिस-टॅगऐवजी कधी प्रतिपिंडाचा ‘एफसी’ भाग जोडतात. त्यामुळे दोन रेणूंची जोडी बनते आणि दोन्ही हातांनी धरल्यासारखी पकड प्रत्यक्षापेक्षा घट्ट भासते. म्हणून दोन प्रयोगांचे आकडे शेजारी मांडण्याआधी टॅग कोणता, हे बघावंच लागतं. नाहीतर साध्या प्रतिपिंडालाही गुणकारी समजण्याची चूक होते.

वापर
प्रतिपिंड विषाणूला अडवतात का, औषधाचा रेणू कुठे चिकटतो, हे यावर तपासतात. कुपी गोठवून ठेवतात, पण वारंवार वितळवली की प्रथिन बिघडतं. म्हणून आधीच लहान लहान वाटे करतात. कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं. ते औषध नव्हे, रुग्णाला द्यायचं नसतं.