गोडसे भटजींचे सत्तावन

अठराशे सत्तावनच्या बंडाला पन्नास वर्षे होत असताना, म्हणजे १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्य यांनी 'माझा प्रवास' प्रसिद्ध केले. लेखक विष्णुभट गोडसे तेव्हा हयात नव्हते. वैद्यांच्या घराण्याचे ते उपाध्याय. वैद्यांच्याच आग्रहावरून त्यांनी ही हकीगत १८८३ च्या सुमारास लिहून काढली होती. मात्र आपल्या पश्चातच ती छापावी, अशी अट घातली होती. बंड मोडून पाव शतक लोटले, राणीचा जाहीरनामा निघाला, आगगाड्या धावू लागल्या, तरी पेणजवळच्या वरसईत राहणाऱ्या एका भिक्षुकाला आपण काय पाहिले हे उघड सांगण्याची भीती वाटत होती. या पुस्तकाच्या वाचनाची सुरुवात खरे तर या भीतीपासूनच करायला हवी.

भटजी उत्तरेस निघाले ते क्रांती पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणापर्यंत आली होती. मोठा यज्ञ म्हणजे मोठी दक्षिणा. काकांना बरोबर घेऊन ते चालत निघाले. महूच्या आसपास पोचतात तो पलटणीतील शिपायांकडून पुढे काय होऊ घातले आहे ते कानावर आले. परत फिरावे, तर कर्ज तसेच राहणार. ते पुढे गेले.

वर्गात हे पुस्तक शिकवताना या ठिकाणी विद्यार्थी किंचित निराश होतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना साक्षीदारही वीर हवा असतो. पैशासाठी निघालेला आणि गोळे पडू लागताच जीव मुठीत धरून लपणारा निवेदक त्यांना पटत नाही. मलाही विद्यार्थिदशेत तो पटला नव्हता. आज वाटते, की बहुसंख्य माणसे राष्ट्रीय उलथापालथीत अशीच सापडतात: कामाला निघालेली, वाटेत अडकलेली.

बंड का झाले, याचे भटजींनी दिलेले उत्तर मोठे लक्षणीय आहे. काडतुसांची गोष्ट त्यात आहेच. पण त्याबरोबर ते सांगतात, की इंग्रजांनी हिंदूंचा धर्म बुडवणाऱ्या कलमांची यादीच तयार केली आणि ती राजेरजवाड्यांपुढे ठेवली. विधवांच्या पुनर्विवाहाचा विषय त्यांच्या दृष्टीने याच यादीतला. अशी यादी कोणत्याही दप्तरात मिळायची नाही. तरीही तिला निव्वळ बाजारगप्प म्हणून बाजूला सारता येत नाही. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क कायम ठेवणारा कायदा १८५० मध्ये झाला होता; ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांनी विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. त्या दुसऱ्या कायद्यात पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेण्याचीही तरतूद होती. पण कायद्यातले असे बारकावे पायी चालणाऱ्यांपर्यंत पोचत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचतो तो फक्त धाक. सुधारणा परक्या सत्तेच्या हातून आली, की ती न्याय्य आहे की नाही, हा प्रश्नच मागे पडतो.

योगायोग पाहा. १ जुलै १८५७ रोजी महूची पलटण उठली. १८ जुलैला मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा झाला. जोतीराव फुले तर त्याआधीच पुण्यात मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळा चालवीत होते. भटजींना जो धर्मबुडवेपणा वाटत होता, त्यात त्याच मराठी मुलखातील कित्येकांना पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येत होता. हे विसरून भटजींच्या भीतीशी समरस होणे मला जमत नाही.

आणि तरीही झाशीचा भाग वाचताना हा सनातनी माणूस विलक्षण विश्वासार्ह वाटतो. सर ह्यू रोजच्या फौजेने मार्च १८५८ मध्ये शहराला वेढा दिला आणि एप्रिलच्या आरंभी ते पडले. भटजी आतच होते. पुढे जी लूट झाली, तिचा क्रम ते एखाद्या कारकुनासारखा नोंदवतात: आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, शेवटी धान्य आणि कपडेलत्तेसुद्धा. वाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, याची हळहळ त्यांना स्वतःच्या गेलेल्या पैशांइतकीच आहे. द्वेषाचे मोठे शब्द ते वापरत नाहीत.

काल्पीच्या वाटेवर राणीची त्यांची गाठ पडते, तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. तहानलेली राणी विहिरीपाशी येते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. पण विद्वान ब्राह्मणाला ते कष्ट नकोत म्हणून ती स्वतःच पाणी शेंदते. इथे भटजींपुढे एक विधवा उभी आहे, जिने राज्य चालवले, घोड्यावर बसून फौज लढवली आणि शास्त्राने विधवेला आखून दिलेली जवळजवळ प्रत्येक रेषा ओलांडली. तिच्याविषयी त्यांच्या मनात केवळ आदर आहे. विधवाविवाहाच्या कायद्याने हादरलेल्या या गृहस्थाला यात काहीच विसंगत दिसत नाही. पुस्तकाचे सगळ्यांत मोठे मोल मला या न दिसण्यात वाटते.

वैद्यांनी छापताना मजकुरावर बराच हात फिरवला होता. पुढे दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखिताच्या आधारे संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा भटजींचे खरे बोलणे वाचकांपर्यंत आले. ते अधिक ओबडधोबड आहे आणि अधिक चांगलेही. पुस्तकाच्या उपशीर्षकात 'बंड' हा शब्द आहे. सावरकरांचे 'स्वातंत्र्यसमर' १९०९ चे. दोन्ही पुस्तकांत अवघे दोन वर्षांचे अंतर. पण आपल्या पाठ्यपुस्तकांत दुसरे शीर्षकच रुजले, आणि भटजी 'मनोरंजक प्रवासवर्णना'च्या खान्यात जाऊन पडले. प्रवासवर्णन ते आहेच, असो.

घरी परतताना भटजींपाशी दक्षिणेची शिल्लक जवळजवळ उरली नव्हती. कर्जाचा प्रश्न निघाले तेव्हा होता तसाच होता. खांद्यावर मात्र गंगेच्या पाण्याची कावड होती. लुटारूंना तिचा उपयोग नव्हता. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.