चिकटपट्टीचा शालू

वस्त्रांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा रेशमापासून आरंभ करतात. किनखाब, मलमल, पैठणी, जरीचे शेले असा त्यांचा थाट असतो. त्यात वावगे काही नाही, कारण राजवाड्यांत जे नेसले गेले तेच पेट्यांतून जपून राहिले आणि जे जपून राहिले त्याचाच इतिहास झाला. परंतु चिंध्यांनाही इतिहास असतो आणि पुष्कळदा तो किनखाबाच्या इतिहासाहून अधिक बोलका असतो. आज मी ज्या वस्त्राची हकिगत सांगणार आहे ते ना सुताचे, ना रेशमाचे, ना लोकरीचे. गळक्या नळीला, फाटलेल्या ताडपत्रीला, मोडक्या खुर्चीच्या पायाला जी रुंद चिकटपट्टी गुंडाळतात, त्या पट्टीचे ते वस्त्र आहे. इंग्रजीत तिला डक्ट टेप म्हणतात. अमेरिकेतील शाळकरी मुलेमुली या पट्टीचे झगे आणि कोट करतात आणि ते अंगावर घालून शाळेच्या सर्वांत मोठ्या समारंभाला जातात. त्यासाठी २००१ सालापासून तेथे एक स्पर्धाही भरते.

वाचकांना हसू आले असेल. अवश्य हसावे; दिवाळीच्या अंकात हसण्यास कोणी मज्जाव केलेला नाही. मात्र या हसण्यासारख्या गोष्टीत एक महायुद्ध आहे, एका आईचे पत्र आहे, चंद्रावरची एक दुरुस्ती आहे आणि गरीब-श्रीमंत, काळा-गोरा हा जुना झगडाही आहे.

प्रथम तो समारंभ कसला ते सांगितले पाहिजे. त्याला प्रॉम म्हणतात. 'प्रॉमनेड' म्हणजे मिरवत मिरवत फेरफटका मारणे, या शब्दाचे ते लाडके रूप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्येकडील कॉलेजांत ही चाल पडली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती हायस्कुलांत उतरली. शाळा सोडण्याच्या सुमारास एका संध्याकाळी मुलामुलींनी ठेवणीतले पोशाख करावेत, मनगटावर फुलांचा गजरा बांधावा, नाचावे, छायाचित्रे काढावीत, असा तो प्रकार. प्रारंभी तो शाळेच्या व्यायामशाळेतच कागदी पताका लावून साजरा होई. दुसऱ्या महायुद्धानंतर हातात पैसा खेळू लागला तसा तो मोठमोठ्या हॉटेलांच्या दिवाणखान्यांत गेला. १९७५ साली तर खुद्द राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची कन्या सुसान हिच्या वर्गाचा प्रॉम व्हाइट हाउसमध्ये झाला. व्हाइट हाउसमध्ये प्रॉम होण्याचा तो पहिलाच प्रसंग.

ज्या सणाला पोशाख लागतो त्या सणात पैसाही लागतो. मी पेशाने मास्तर आहे, त्यामुळे या बाबतीत मला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आपल्याकडे शाळेत गणवेश असतो म्हणून सहा महिने कोणाचे घर कसे आहे ते झाकून राहते. स्नेहसंमेलनाच्या दिवशी गणवेश नसतो आणि त्या दिवशी ते सारे उघडे पडते. दर वर्षी त्या दिवशी वर्गातली दोन-चार मुले गैरहजर असतात. दुसऱ्या दिवशी विचारावे तर पोटात दुखत होते म्हणून सांगतात. पोटात कशामुळे दुखते हे मास्तरला ठाऊक असते, म्हणून तो पुढचा प्रश्न विचारत नाही. प्रॉमच्या रात्री अमेरिकेतही असे पोटात दुखणारे पुष्कळ असतात.

आता त्या पट्टीची जन्मकथा. ती मूळची लढाईची लेक. १९४३ साली इलिनॉय राज्यातील ग्रीन रिव्हर या दारूगोळ्याच्या कारखान्यात व्हेस्टा स्टाउट नावाची एक बाई काम करीत असे. वयाने पन्नाशी ओलांडलेली. तिचे दोन मुलगे नौदलात होते. काडतुसांची खोकी तपासणे आणि भरणे हे तिचे काम. ही खोकी कागदी पट्टीने बंद करीत आणि पाणी आत शिरू नये म्हणून वर मेणाचा लेप देत. खोके उघडण्यासाठी पट्टीचे एक टोक मोकळे सोडलेले असे. व्हेस्टाबाईंच्या ध्यानात आले की ते टोक ओढले की कागद फाटून नुसते टोकच हातात येते आणि खोके मिटलेलेच राहते. कारखान्यात ही केवळ एक गैरसोय होती. रणांगणावर शत्रू समोर असताना शिपाई नखांनी मेण खरवडीत बसला, तर त्याचा अर्थ काय होतो हे सांगण्यास सेनापतीची जरुरी नव्हती. ज्या बाईचे दोन मुलगे आघाडीवर आहेत तिला तो अर्थ झोपेतही दिसत असला पाहिजे.

तिने उपाय सुचविला: कागदाऐवजी बळकट, पाणी न शिरणाऱ्या कापडाची पट्टी वापरा. वरच्या अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि पुढे काही केले नाही. कारकुनी सगळ्या देशांत सारखीच. तेव्हा १० फेब्रुवारी १९४३ रोजी बाईंनी सरळ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनाच पत्र घातले आणि त्यात खोक्याची आकृतीही काढून दाखविली. नवल हे की ते पत्र टोपलीत गेले नाही. ते युद्ध-उत्पादन मंडळाकडे पोहोचले, सूचना मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीकडे पट्टीचे काम सोपविण्यात आले. जखमेवरच्या चिकटपट्ट्या करणारी ही कंपनी. तिला कापड आणि डिंक यांचा संसार ठाऊक होता. फौजी हिरव्या रंगाची, हाताने सहज फाडता येणारी आणि ओढली असता न तुटणारी पट्टी तयार झाली. खोक्यांपुरतीच ती राहिली नाही. शिपायांनी तिने बूट सांधले, तंबू सांधले, गाड्या आणि बंदुकाही सांधल्या.

तिचे नाव डक टेप की डक्ट टेप, यावर अमेरिकेत अजून हुज्जत चालते. डक म्हणजे बदक. बदकाच्या पाठीवरून पाणी ओघळावे तसे हिच्यावरून ओघळते म्हणून डक, असे काही सांगतात. पण डक हे एका जाड सुती कापडाचेही नाव आहे. डच भाषेतील 'डूक' म्हणजे कापड, त्यावरून ते आले. शिडे आणि खलाशांच्या विजारी या कापडाच्या असत. येथे आपल्या मुंबईची आठवण होणे साहजिक आहे. डोंगरीच्या वस्तीत विकले जाणारे जाडेभरडे कापड गोऱ्या खलाशांनी उचलले आणि त्याच्या कामकरी विजारींना इंग्रजीत 'डंगरी' हे नाव पडले. जगातली कष्टाची कापडे अशी बंदराबंदरांतून एकमेकींच्या शेजारी वाढली आहेत.

युद्ध संपले, घरे बांधली जाऊ लागली. अमेरिकेतील घरांत उष्ण हवा खेळविण्यासाठी पत्र्याचे बोगदे असतात, त्यांना डक्ट म्हणतात. त्यांचे सांधे बुजविण्यासाठी ही पट्टी वापरात आली. पत्र्याला शोभावी म्हणून तिने हिरवा वेष टाकून रुपेरी वेष घेतला आणि डकची डक्ट झाली. पुढे १९९८ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी अशा सांध्यांची कसून परीक्षा घेतली, तेव्हा ही पट्टी उष्णतेने सुटते आणि डक्टच्या कामाला ती फारशी लायक नाही, असे निष्पन्न झाले! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरे काय!

मात्र जे काम तिच्या नावात नव्हते तेथे तिने कीर्ती मिळविली. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ या यानात स्फोट झाला आणि तिघे अंतराळवीर चांद्रयानाच्या लहानशा कोठडीत अडकले. श्वासातून बाहेर पडणारा कर्बवायू शोषणारे डबे शिल्लक होते, पण ते चौकोनी आणि कोठडीतील भोके गोल. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांचे पुठ्ठे, पोशाखाच्या नळ्या आणि ही पट्टी, एवढ्या सामानावर त्यांनी चौकोन गोलात बसविला आणि ते जिवंत परत आले. १९७२ च्या डिसेंबरात अपोलो १७ च्या वीरांच्या चंद्रावरील गाडीचा चिखलरोधक मोडला आणि धुळीचा मारा सुरू झाला. त्यांनी चार नकाशे या पट्टीने एकत्र जोडून नवा चिखलरोधक केला.

ही पट्टी कपड्याच्या दुनियेत शिरली ती रंगांमुळे. ओहायो राज्यातील मॅन्को नावाच्या कंपनीचे चालक जॅक काल यांनी १९८० च्या दशकात आपल्या मालाला डक टेप हेच जुने नाव दिले आणि वर बदकाचे चित्र छापले. पुढे ती लाल, निळी, जांभळी, नक्षीदार अशी नाना तऱ्हांची मिळू लागली. जेथे रंग मिळतात तेथे मुले येणारच. २००१ साली या बदकछाप पट्टीच्या नावाने स्पर्धा सुरू झाली. अट एकच: पोशाख पट्टीचा असावा. बक्षीस म्हणजे पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती. अलीकडे झग्याला आणि कोटाला निरनिराळे पहिले बक्षीस असते.

हे काम वाटते तितके पोरखेळ नाही. पट्टीत तीन थर असतात: वर प्लॅस्टिकची त्वचा, मध्ये सुताची विरळ जाळी, खाली रबराचा चिकट लेप. दोन पट्ट्या चिकट अंगाने एकमेकींवर बसवाव्या तेव्हा दोन्ही बाजूंनी कोरडे असे 'कापड' होते. अशा पट्ट्यांचे पन्हे जोडीत जावे, मग त्यावर आखून कापावे. कात्रीला डिंक लागतो, ती पुनःपुन्हा पुसावी लागते. सुई चालवावी तर तीही चिकटते, म्हणून टाक्याचे काम पट्टीनेच करायचे. हे कापड ताणत नाही, निऱ्या धरीत नाही, घाम शोषीत नाही. माप चुकले तर उसवण्याची सोय नाही. तरी मुले पट्टीच्या बारीक कात्रणांपासून फुलांच्या पाकळ्या करतात, पक्ष्यांची पिसे करतात, जाळीचे नक्षीकाम करतात. आपल्या आज्ज्या जुनेरांच्या गोधड्या शिवीत, तेव्हा टाकाऊ तुकडा कोठे शोभेल हे त्यांचे डोळे बरोबर हेरीत. या मुलांचेही डोळे त्याच जातीचे.

कंपनी हे सारे धर्मार्थ करते असे कोणी समजू नये. थोड्याशा डॉलरांत तिची देशभर जाहिरात होते आणि शेकडो रिळे खपतात. हे मुलांनाही कळते. पण अमेरिकेत शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा डोंगर दीड लाख कोटी डॉलरांच्या वर गेलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एखादा मुलगा रात्ररात्र पट्ट्या का चिकटवीत बसतो याचा उलगडा होतो. दुकानातला महागडा झगा परवडत नाही म्हणून ज्याला घरी बसावे लागले असते, तोच या पोशाखात सर्वांच्या नजरेत भरतो, हेही खरे.

पोशाखाची अडचण पट्टीने सुटते. कातडीची सुटत नाही. वर्णभेदी शाळा बेकायदा असल्याचा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. पण प्रॉम हा खाजगी समारंभ ठरवून दक्षिणेतील कित्येक गावांनी गोऱ्यांचा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा असे दोन प्रॉम चालू ठेवले. मिसिसिपी राज्यातील चार्ल्स्टन गावात दोन्ही वर्णांच्या मुलांचा पहिला एकत्र प्रॉम २००८ साली झाला. नट मॉर्गन फ्रीमन यांनी त्याचा खर्च उचलण्याची तयारी १९९७ सालीच दाखविली होती. गावाला होकार द्यायला अकरा वर्षे लागली. जॉर्जिया राज्यातील विलकॉक्स परगण्यात २०१३ साली मुलींनीच पुढाकार घेऊन, पैसे जमवून असा एकत्र समारंभ घडविला. एक वर्षभर एका बाकावर बसणारी मुले एका रात्री वेगळी का बसावीत, असा त्यांचा साधा प्रश्न होता. वडीलधाऱ्यांना तो जन्मभर पडला नव्हता.

२०२० साली महामारीने शाळा बंद झाल्या आणि देशभर प्रॉम रद्द झाले. नाचायला जागा उरली नाही. पण त्या वर्षीही पट्टीचे पोशाख झाले. व्हेस्टाबाईंच्याच इलिनॉय राज्यातील एका मुलीने ४१ रिळे आणि सुमारे ४०० तास खर्चून झगा केला. त्याच्या घेरावर तिने डॉक्टर, परिचारिका आणि घरांत कोंडलेली माणसे पट्टीच्याच तुकड्यांनी चितारली; त्याला साजेसा मुखपट्टाही केला. तो घालून जायला समारंभ नव्हता. पण त्या वर्षी काय घडले हे त्या झग्यावर वाचता येते. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ते वर्ष येईल तेव्हा येईल. एका अठरा वर्षांच्या मुलीने ते आधीच लिहून ठेवले आहे, आणि तेही ज्या पट्टीचा जन्म दुसऱ्या एका संकटात एका आईच्या काळजीपोटी झाला, त्या पट्टीवर.

हा शालू धुता येत नाही आणि त्याची घडीही नीट मोडत नाही. पुढच्या पिढीला वारसा म्हणून द्यावा इतका तो टिकेल की नाही, कोण जाणे. परंतु पुष्कळ घरांत तो कपाटात टांगलेला असेल आणि पाहुणा आला की आई तो बाहेर काढून दाखवीत असेल. आपल्याकडे मुलाने बांबूच्या कामट्यांचा पहिला आकाशकंदील केला, थोडा वाकडा झाला, तरी तोच दारात लागतो. विकतचा आत राहतो. या दिवाळीत दारोदार असे कंदील दिसतील तेव्हा ते करणाऱ्या पोराला हाक मारून दोन शब्द अवश्य बोलावेत. कामट्या कशा वाकवल्या, कागद कोठे फाटला, हे सांगायला तो उत्सुकच असतो.