इन्फ्ल्यूएंझा : घरगुती उपचार व प्रतिबंध

इन्फ्ल्यूएंझा (फ्ल्यू) हा श्वसनमार्गाचा विषाणुजन्य सांसर्गिक रोग. एकाएकी चढणारा ताप, अंगदुखी, कोरडा खोकला व अतिशय थकवा ही त्याची प्रमुख लक्षणे होत. घरगुती उपायांचे सामर्थ्य व मर्यादा या दोहोंचा प्रत्यय चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशाच्या इतिहासातून येतो.

१९१८ साली हा प्रदेश मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात मोडत होता. वर्धा नदीपलीकडील गडचांदूरचा परिसर मात्र हैदराबाद संस्थानात होता. राजुरा तालुक्याबरोबर तो १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. जून १९१८ मध्ये मुंबईत दिसलेल्या साथीची दुसरी, घातक लाट त्याच वर्षीच्या शरदात देशभर पसरली. भारतात सव्वा ते दोन कोटी माणसे दगावली असावीत, असे अभ्यासकांचे निरनिराळे अंदाज आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांपैकी एक होय. तेथे दर हजारी पन्नासाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पाऊस अपुरा, धान्य महाग व दवाखाने विरळ, अशा स्थितीत ही साथ आली. बहुतेक मृत्यू नंतर उद्भवणाऱ्या फुप्फुसशोथाने (न्यूमोनियाने) झाले. भारतात स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा अधिक झाले. रुग्णांची शुश्रूषा त्यांच्यावरच पडे, हे त्याचे एक कारण मानले जाते.

त्या वेळी प्रतिजैविके नव्हती व रोगाचे कारणही अज्ञात होते. मानवी इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू १९३३ मध्ये वेगळा करण्यात आला. त्यामुळे अंथरुणावरील विश्रांती, मोकळी हवा, पाणी, पेज व कोणीतरी केलेली शुश्रूषा हाच मुख्य उपचार होता. घरातील सर्वच माणसे आजारी पडत, तेथे तोही दुर्मिळ होई.

तुळस, आले, गवती चहा व मिरी यांचा काढा, हळद घातलेले दूध, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या हे उपाय महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहेत. त्यांनी घसा शेकतो, पोटात द्रव जातो व रुग्णास आराम वाटतो. तथापि त्यांनी संसर्ग टळतो, असे सिद्ध झालेले नाही. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. मुलांना तापात अ‍ॅस्पिरीन देणेही धोक्याचे असते.

प्रतिबंधाचा खरा आधार रोजच्या सवयींत आहे. या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध असल्याने साबणाने ते विघटित होते. म्हणून हात वारंवार धुवावेत. खोकताना तोंडावर कापड धरणे, रुग्णाची भांडी व अंथरूण वेगळे ठेवणे, गर्दी टाळणे व घरात हवा खेळती ठेवणे आवश्यक असते. चुलीच्या धुराने श्वसनमार्गाची प्रतिकारशक्ती कमी होते. वृद्ध, गर्भवती व जुन्या व्याधींच्या रुग्णांनी दरवर्षी लस घेणे इष्ट ठरते.

धाप लागणे, ओठ निळसर होणे, ग्लानी येणे वा उतरलेला ताप पुन्हा चढणे ही लक्षणे दिसताच घरगुती उपचारांवर विसंबू नये. गडचिरोलीत १९८८ मध्ये अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ५८ गावांत प्रशिक्षित आरोग्यसेवक व सुईणींकरवी बालकांच्या न्यूमोनियाचे निदान करून प्रतिजैविके देण्याचा प्रयोग केला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या ४४ गावांच्या मानाने तेथे पाच वर्षांखालील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू निम्म्याहून कमी आढळले. १९१८ मध्ये ज्याचा अभाव होता, ते वेळीच मिळणारे औषध येथे गावातच उपलब्ध झाले होते.